देवळालीच्या सिंधी घरांवर अभ्यास सुरू करताय? आधी एवढं करा

विषय उत्तम निवडलात. सुरुवातीला एकच गल्ली घ्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं देवळाली कॅम्पात वसली, तशी उल्हासनगरातही; पण दोन्ही एकदम घेतलं की दोन्ही अर्धवट राहतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे 'फाळणीत काय गमावलं?' हा पहिला प्रश्न. मीही तोच विचारला होता. आजींनी चहाची बशी खाली ठेवली आणि गप्प झाल्या. पुढच्या खेपेला साई भाजी (पालक-डाळीची सिंधी भाजी) कशी करता, एवढंच विचारलं. मग भाड्याचं पहिलं दुकान, उधारीवर कापड देणारे मराठी शेजारी, मुलांची शाळा, सगळं ओघात आलं. माणसं रुजतात कशी, ते यातच कळतं.

आणखी दोन गोष्टी:

- आजोबा सिंधी अरबी लिपीत लिहितात. नातू फर्डं मराठी बोलतो, पण ती लिपी त्याला वाचता येत नाही. दोघांशीही बोला.
- सांगितलेली सालं कागदाशी ताडून बघा. १९५१च्या जनगणनेत विस्थापितांची वेगळी नोंद आहे. तिकडे सोडलेल्या मालमत्तेसाठी १९५४च्या भरपाई कायद्याखालचे कागद कुणाच्या ट्रंकेत असतील, तर अवश्य बघायला मागा.

'निर्वासित' हा शब्द त्यांच्यासमोर जपून वापरा, कित्येकांना तो आजही टोचतो.

सिद्धान्त आणि माणसं किती रुजली ते मोजणारे निर्देशांक सध्या राहू द्या. दहा घरं झाली की वही घेऊन या, मग पुढचं बोलू.