सेकंड हँड फायबर बोट घेतली आहे. नाथसागरात उतरवायला चांगली जागा कोणती, आणि साध्या कारने ट्रेलर पाण्यात घालता येतो का?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. जागेचं नंतर सांगतो.

साध्या कारने ट्रेलर पाण्यात घालता येतो. काढता येईलच असं नाही. तो काढायला ज्यांना सकाळी सकाळी फोन येतात त्यांच्यापैकी मी एक. आमचं गाव पैठण तालुक्यात, नाथसागराच्या पाणफुगवट्याला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर येत्या रविवारी इथेच रांग लागायची.

बोट उतरवायला रॅम्प म्हणून बांधीव उतार असतो, तसं आमच्या काठाला काही नाही. आहे तो जुन्या गावाचा रस्ता. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचं पाणी. १९६५ ला शास्त्रीजींच्या हातून धरणाची पायाभरणी झाली, १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. मधल्या काळात आमचं मूळ गाव उठलं, रस्ता तेवढा जागच्या जागी राहिला. धरण पूर्ण, म्हणजे समुद्रसपाटीपासून १५२२ फुटांपर्यंत भरलेलं असतं तेव्हा त्यातलं काही दिसत नाही. शिवरात्रीनंतर पाणी मागे सरकायला लागलं की तो वरून खाली उघडा पडत जातो. खाली दगडाचं सोलिंग, वर मुरूम, रुंदी एक बैलगाडी जाईल इतकी. एवढी वर्षं पाण्याखाली राहूनही तो टणक आहे. त्याच्या दोन्ही अंगांना मात्र गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरतात ती गाळाची जमीन. नाथसागर पसरट आणि उथळ, त्यामुळे पातळी थोडी उतरली तरी काठ कुठल्या कुठे जातो आणि मागे हा गाळ राहतो. वरचा पापुद्रा वाळून भेगाळलेला असतो, नवख्याला वाटतं इथे क्रिकेट खेळावं. खाली हातभर गाळ ओलाच. त्यावर माणूस चालतो, बैल चालतो, गाडी चालत नाही.

या रस्त्याच्या टोकाला भोई मंडळींच्या होड्या लागतात. संध्याकाळी जाळी टाकायची, पहाटे उचलायची, उजाडता उजाडता माल काठावर. रोहू, कटला, मृगळ, चिलापी, नशीब जोरावर असेल तर एखादी मरळ. वर टेम्पो उभा, टेम्पोत बर्फ. ऊन चढायच्या आत मासा बर्फात गेला नाही तर बाजारात कोणी भाव देत नाही. आणि शहरातून येणाऱ्या हौशी मंडळींना बोट पाण्यात घालायची असते ती नेमकी त्याच तासाभरात, कारण फोटोला उजेड चांगला मिळतो म्हणे.

आता माझ्या मेहुण्याचं सांगतो. घरात हा विषय काढायचा नाही असं ठरलंय, म्हणून इथे लिहितोय.

मेहुणा संभाजीनगरला नोकरीला. त्याने आणि त्याच्या मित्रांनी वर्गणी काढून पुण्याकडून अशीच एक जुनी फायबर बोट आणली होती, मागे लटकवायच्या मशीनसकट. नाथषष्ठीला पैठणला आले, गर्दी बघून दर्शन लांबवलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बोट घेऊन थेट आमच्या काठावर. पुढे एसयूव्ही, मागे ट्रेलर. मी म्हटलं, वर माळावर थांबा, सगळी तयारी तिथे करा, माल उतरला की मी ट्रॅक्टरला ट्रेलर लावून खाली सोडून देतो. "दाजी, तुम्ही नुसतं बघा," म्हणाला.

बघत बसलो.

त्याने गाडी रस्त्याच्या मधोमध, उताराच्या तोंडाशी उभी केली आणि तिथे तयारीला सुरुवात. कव्हर काढ, गाद्या पसर, लाइफ जॅकेटं प्लास्टिकमधून काढ, थंड बाटल्यांचा डबा चढव, मग बोटीत उभं राहून एकेकाचे फोटो. वर टेम्पोवाला हॉर्न देतोय, खाली होड्या लागल्यात, मध्ये हे. आमच्या काठावरचे एक वयस्कर भोई आहेत, त्यांना सगळे आबाच म्हणतात. ते वर आले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, गाडी जरा बाजूला घ्या की, माल यायलाय." मेहुणा म्हणाला, "पाच मिनिटं, काका." काठावरची पाच मिनिटं कधी पाच मिनिटांत संपलेली मी पाहिलेली नाहीत. शेवटी पोरांनी क्रेट डोक्यावर घेतले आणि कोणाच्या तरी हरभऱ्याच्या कडेने, गाळातून पाय उपसत वर नेले.

मग रिव्हर्स. इथे मला थोडं बोलू द्या. आमच्याकडे पोराला मिसरूड फुटायच्या आधी ट्रॉली मागे घेता येते, काही गावांच्या जत्रेत तर ट्रॉली रिव्हर्स घेण्याच्या स्पर्धा लागतात. शहरात वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस मागे ट्रेलर लागला की बावरतो, कारण सगळं उलटं होतं. उपाय सोपा आहे. हात स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला नाही, खालच्या बाजूला धरायचा. हात डावीकडे गेला की ट्रेलरचं बूड डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. हळू घ्यायचं, आणि ट्रेलर दुमडायला लागला की हट्ट न करता पुढे घेऊन सरळ करायचं. ट्रेलर जितका आखूड तितका लवकर दुमडतो. हे एखाद्या रिकाम्या मैदानात शिकायचं असतं, मागे लोक खोळंबलेले असताना नाही. मेहुण्याने व्हिडिओ बघितले होते.

ट्रेलर दुमडला आणि त्याचं डावं चाक रस्ता सोडून गाळात उतरलं, पाठोपाठ गाडीचं मागचं. त्याने जोरात रेस केली, तशी पुढची चाकं शेवाळलेल्या दगडांवर जागच्या जागी फिरायला लागली. ही गाडी दिसायला दांडगी, पण ओढतात तिची फक्त पुढची चाकं. चढावर वजन मागे जातं, त्यात ट्रेलरचा भार मागेच, पुढचा भाग हलका होतो आणि चाकांना पकड राहत नाही. तुमच्या कारचंही बहुतेक हेच होणार, म्हणून हा परिच्छेद दोनदा वाचा. हँडब्रेकवरही भिस्त ठेवू नका. बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांना लागतो, आणि तीच चाकं पाण्यात किंवा शेवाळावर असतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना पाण्याच्या बाजूने मोठे दगड लावा. गाडी खाली नेताना काचा उघड्या, सीटबेल्ट सोडलेला, आणि चालवणाऱ्याखेरीज आत कोणी नको. लेकरं तर अजिबात नकोत.

बोटीचा पट्टा त्यांनी वरच, फोटोच्या वेळी सोडून टाकला होता. ट्रेलर तिरका झाला तशी बोट मागच्या मागे घसरली आणि बूड टेकवून गुडघाभर पाण्यात बसली, मशीनचा पंखा गाळात रुतलेला. तरंगेल असं वाटत होतं. पण ती हळूहळू खालीच जायला लागली. बोटीच्या मागच्या बाजूला तळाशी एक भोक असतं, बाहेर काढल्यावर आतलं पाणी निघून जावं म्हणून. पाण्यात घालण्याआधी त्याला बूच लावायचं असतं. बूच कुठे होतं? गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात, प्लास्टिकच्या बारीक पिशवीत, दुकानाच्या पावतीसकट.

ज्या पोरांनी क्रेट डोक्यावरून वाहिले तीच कमरेएवढ्या पाण्यात उतरली. एकाने बुडी मारून बूच आतून बसवलं, बाकीच्यांनी घमेल्याने पाणी उपसलं. मेहुण्याने नंतर पाचशेची नोट पुढे केली. आबांनी ती घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "हे पोरांचे. बर्फाचे वायले द्या."

गाडी काढायला माझा ट्रॅक्टर. आता मुद्द्याचं, कारण तो अजून दर लग्नात सांगतो की दाजींनी झटका दिला आणि गाडीचं तोंड उपटलं. झालं असं. मी आधी ट्रेलर सोडायला लावला, तो वेगळा काढू म्हटलं. मग सांगितलं की गाडीच्या अवजारांत एक आटे असलेला हूक असतो, बंपरवरचं चौकोनी झाकण काढून तो आत पिळायचा आणि दोर तिथेच लावायचा. तो हूक कुठे आहे ते कोणाला माहीत नव्हतं. मी ट्रॅक्टर लावायला वर गेलो तोवर मेहुण्याने स्वतःच्या हाताने सोल (जाड दोर) समोरच्या चकचकीत स्टीलच्या गार्डला बांधला. वरून मी ओरडलो, तिथे नको. "दाजी, मजबूत आहे ते, ओढा!" हे ऐकणारे निदान दहा जण काठावर होते. मी पहिल्या लो गिअरमध्ये, क्लच हळू सोडत ओढलं. झटका देतो तो नवखा. गार्ड चार बोल्टांसकट बंपरचा तुकडा घेऊन आलं. ते शोभेचं असतं, गाडीच्या सांगाड्याला नीट धरलेलंही नसतं. शिवाय असं गार्ड लावणं बेकायदा असल्याचं केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. म्हणजे जे गाडीवर असायलाच नको होतं, ते तुटल्याचं बिल माझ्या नावावर. पुढे हूक सापडला (स्टेपनीखाली होता), त्याला दोर लावला आणि गाडी एका दमात वर आली. हे मात्र लग्नात कोणी सांगत नाही.

दोर ताणलेला असताना आजूबाजूला कोणी उभं राहू नका, हेही लक्षात ठेवा. नायलॉनचा दोर ताणून तुटला की उलटा येतो, आणि त्याच्या टोकाला लोखंडी हूक असेल तर माणूस जातो.

बाकी तुमच्या कामाचं थोडक्यात. काठावर येण्याआधी, वर माळावरच सगळं उरका: बूच, दोर, इंधन, जॅकेटं. पट्टा सोडायचा तो पाण्याजवळ पोचल्यावर, वर नाही. मशीन वर उचललेलं ठेवा, नाहीतर पंखा दगडाला लागेल. पाण्याबाहेर ते सुरू करून आवाज ऐकवू नका, आतला पाणी खेचणारा रबरी पंखा कोरडा फिरला की जळतो. लांबून आला असाल तर ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग तापलेले असतात, ते थंड होऊ द्या. तापलेलं तसंच पाण्यात घातलं तर पाणी आत ओढलं जातं आणि ग्रीसची वाट लागते. बोट तरंगली की एकाने ती दोराने धरून बाजूला न्यायची आणि दुसऱ्याने गाडी ताबडतोब वर काढायची. गाडी रस्त्यावर सोडून फेरफटका मारून येणारे महाभागही मी पाहिलेत. पाण्यात थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या तर तो कचरा नाही, खाली जाळं आहे. वळसा घाला. पंख्यात जाळं गुंडाळलं तर तुमचा दिवस जातो, त्यांचा महिना.

जागेबद्दल. जिथे मच्छीमार होड्या लावतात तिथेच तळ टणक असतो, वेगळी गुप्त जागा शोधायला जाऊ नका. आदल्या दिवशी या, गाडी लांब लावा, चालत खाली जा, काठी खुपसून बघा आणि तिथल्या लोकांना विचारा. मे महिन्यातली जागा दिवाळीत पाण्याखाली असते, त्यामुळे कोणी नकाशावरचा ठिपका पाठवला तर तो कुठल्या महिन्यातला ते आधी विचारा. माल उतरून गेला की, म्हणजे नऊनंतर, काठ मोकळा असतो. ऊन लागेल. लागू द्या.

हे खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं: नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. बोट आपली आणि पाणी सरकारी म्हणून कुठेही मशीन फिरवता येत नाही. वन विभाग आणि पाटबंधारे खातं, दोन्हीकडे लेखी विचारा, आणि नाही म्हणाले तर नाही. हिवाळ्यात रोहित, पट्टकदंब, चक्रवाक उथळ पाण्यात चरत असतात, त्यांच्या थव्यात मशीन घालून उडवायचा व्हिडिओ काढणाऱ्यांसाठी माझ्याकडे ट्रॅक्टर नाही. मशीनच्या बोटीला २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणीही लागते, जुन्या मालकाकडून कागद घेतलेत का बघा. येलदरी, माजलगाव, विष्णुपुरी अशी नावं बाकीचे सुचवतील, तिथेही पहिलं काम परवानगीचंच. सगळे शहरवाले असे असतात असंही नाही. नगरकडचे एक डॉक्टर वल्ह्याची छोटी बोट घेऊन येतात, आबांच्या होड्या लागेपर्यंत वर चहा पीत बसतात, आणि पोरं त्यांची बोट स्वतःहून उचलून पाण्यात ठेवतात.

आणि ट्रॅक्टर लागणार असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. डिझेलचे पैसे घेतो. मेहुण्याकडूनही घेतले होते.