बोर्डीकडे वाइन चाखायला जाताय? आधी एवढं ऐका

फोन करून जा, आणि शक्यतो सकाळीच. छोट्या वाइनरीत ग्लास भरून देणारा माणूसच बहुधा टाक्यांचंही काम बघतो. गर्दी नसली की तो मनापासून बोलतो. अत्तर लावू नका. वाटेत तिखट सुरमई फ्रायही नको, जेवण नंतर.

पालघर जिल्ह्यात, बोर्डीजवळच्या डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. या पट्ट्यातली चिकूची वाइन नीट, हळू चाखा. चिकूत मुळात आंबटपणा कमी, त्यामुळे बनवणाऱ्याचं कसब तिथेच कळतं: घोट गिळल्यावर तोंड ताजं वाटतं की नुसता पाक चिकटून राहतो? आंबटपणा कसा साधला, हे खुशाल विचारा. मला तर हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आधी ड्राय, म्हणजे गोडवा जवळजवळ नसलेली; गोड शेवटी. उलट केलंत तर ड्राय वाइन उगाच आंबट-कडू लागेल आणि तिच्यावर अन्याय होईल. चाखलेला घोट थुंकायला भांडं मागा, त्यात कुणाचा अपमान नाही. गाडी चालवणाऱ्याने फक्त वास घ्यावा.

बाटली घेतलीत तर ती तापलेल्या डिकीत ठेवून समुद्रावर भटकू नका. अशी फळांची वाइन सहसा वर्षानुवर्षं साठवायची नसते. थंड करून लवकर प्या.