गावात पाण्याची टंचाई आहे अन् काही कलाकार पोरं भिंती रंगवू, पथनाट्य करू म्हणतात, याचा खरंच काही उपयोग होतो का?

होतो, पण भिंतीवर ‘पाणी वाचवा’ लिहून नाही होत. ज्या बाया मे महिन्यात हापशीवर रांग लावतात त्यांना पाणी वाचवायचं काय सांगता भाऊ, त्या भांडे धुतलेलं पाणीही झाडाले टाकतात.

तुम्ही छत्तीसगडच्या बस्तरमधलं कोंडागावचं काम बघा, बस्तर आपल्या गडचिरोलीला लागूनच आहे. नवज्योत अल्ताफ या मुंबईच्या कलाकार तिथल्याच शांतीबाई, राजकुमार, गेसूराम या कलाकारांसोबत कितीतरी वर्षं काम करत आल्या अन् 2000 नंतर त्यांनी मिळून हापशीच्या जागाच नव्याने बांधल्या, नलपार म्हणतात त्याले. आता सरकारी हापशी कशी राहते माहीतच आहे, चारही बाजूने चिखल, डास, अन् भरलेला गुंड, म्हणजे पाण्याचं भांडं, खालून उचलून थेट डोक्यावर घ्यायचा, कंबर जाते बाईची. यांनी पाणी भरणाऱ्या बायांसोबत बसून विचारलं अन् मग भिंतीलाच अशा उंचीवर टप्पे केले की गुंड आधी तिथे टेकवायचा, मग डोक्यावर घ्यायचा. सांडलेलं पाणी शोषखड्ड्यात. अन् भिंतीचे आकार, चिन्हं सगळी तिथल्या लोकांची. मला यातलं सगळ्यात मोठं वाटते ते बायांना विचारणं, आपल्याकडे हापशी कुठे बसवायची हे ठरवताना त्यांना कोण विचारते?

पथनाट्याचं म्हणाल तर आम्ही भंडाऱ्याकडचे, आमच्याकडे दिवाळीनंतर मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, दंडार हे लोकनाट्य राहते, लोक रात्रभर जागून बघतात, मग बाहेरचं पथनाट्य कशाला पाहिजे? विषयही समोरच आहे, आपले मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधले, 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे गेले, मग गाळ कोणी काढायचा हेच ठरेना, कितीतरी तलावात बेशरमाची झुडपं माजली. धानवाल्याले वाटते शेवटच्या बांधीपर्यंत पाणी सोडा, मासेमारी करणारे ढिवर म्हणतात मासोळीपुरतं तरी ठेवा, दोघंही खरेच आहेत, हे भांडण दंडारीत दोन्ही बाजूने येऊ द्या, गावच्याच लोकांच्या तोंडून.

त्या पोरांना एवढंच सांगा की रंगाच्या आधी शोषखड्ड्याचा खर्च धरा. अन् पहिली बैठक पंचायतीत ठेवू नका, तिथे बाया मागे बसतात अन् बोलत नाहीत, सकाळी हापशीवर या म्हणा.