सेन्सर बाहेरच्या नळीला का नाही लावत?

प्रश्न : माझी भाची पीएचडी करते. बोटाएवढ्या पारदर्शक चिपमध्ये माणसाच्या यकृताच्या पेशी जगवून त्यांच्यावर औषधं तपासायची, आणि त्यासाठी पेशींशेजारी ऑक्सिजन, ग्लुकोज मोजणारे इवले सेन्सर बसवायचे, हे तिचं काम. सगळा वेळ सेन्सरमध्येच जातोय. चिपमधून बाहेर येणाऱ्या नळीला तयार सेन्सर लावून भागणार नाही का?
– एक मामा, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : मामासाहेब, ग्लुकोज मोजायचं असेल तर भागेल. ऑक्सिजनला नाही.

अशा बऱ्याच चिप पीडीएमएस या सिलिकॉन रबराच्या असतात आणि त्यातून ऑक्सिजन सहज आरपार जातो. पेशींनी वापरून उरलेला ऑक्सिजन नळीच्या टोकाशी मोजेपर्यंत वाटेत बाहेरची हवा मिसळलेली असते. आकडा छान येईल, पण खोलीतल्या हवेचा. सेन्सर पेशींना खेटूनच हवा.

कोणता, हा खरा घोळ. मी इथल्याच एका औषध कारखान्यात फर्मेंटरची, म्हणजे जंतू वाढवायच्या टाक्यांची, उपकरणं सांभाळायचो. तिथला ऑक्सिजनचा प्रोब क्लार्क या शास्त्रज्ञाच्या धर्तीचा: प्लॅटिनमचा कॅथोड म्हणजे विजेचं ऋण टोक, वर पातळ पडदा. पडद्याला सुरकुती पडली की आकडा नाचलाच! हा प्रोब मोजता मोजता ऑक्सिजन खर्च करतो. हजारो लिटरच्या टाकीत ते कुणाच्या गावीही नसतं. चिपच्या कप्प्यात द्रव असतो काही मायक्रोलिटर. तिथे मोजणाराच पेशींच्या ताटातलं खायला लागतो. म्हणून चिपमध्ये प्रकाशावर चालणारा ठिपका बरा. त्यात प्लॅटिनम पॉर्फिरिनसारखं द्रव्य असतं. प्रकाशाचा झोत टाकून बंद केला की ते किंचित काळ चमकत राहतं, आणि ऑक्सिजन जितका जास्त तितकं लवकर विझतं. मोजायचा तो विझण्याचा वेळ. चमक किती हे मोजू नये, कारण वापरून द्रव्य फिकं पडत जातं.

ग्लुकोजचं उलट. तिथलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम ऑक्सिजनही वापरतं आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं. पेशींच्या उशाशी ही ब्याद नकोच. ग्लुकोज रबरातून निसटत नाही, तेव्हा हा सेन्सर खुशाल नळीवर न्यावा. मात्र ३७ अंशांवर एन्झाइम हळूहळू मंदावतं, शिवाय त्यावर प्रथिनांचा थर बसतो. त्यामुळे ग्लुकोजचं प्रमाण आधीच माहीत असलेलं द्रावण सोडून सेन्सर पुन्हा पुन्हा कॅलिब्रेट करत, म्हणजे आकडा जुळवून घेत, बसावं लागतं. भाचीचा वेळ बहुधा इथेच जातोय. पेपरात या कामाला दोन ओळी मिळतात, तो भाग वेगळा.

पण मार्च २०२३ च्या दुरुस्तीनं आपल्याकडच्या औषधचाचणी नियमांत अशा चिपना जागा मिळाली आहे. उद्या तिच्या चिपवरचे आकडे घेऊन कुणी परवानगी मागायला गेलं, तर आधी कॅलिब्रेशनची वहीच पुढे ठेवावी लागेल.