पाहुण्यांच्या अंगावर झेपावणारा शेरू आणि इतर प्रश्न

प्रश्न : आमचा शेरू दीड वर्षाचा लॅब्राडोर आहे. दारावरची बेल वाजली की तो धावत सुटतो आणि येणाऱ्याच्या छातीवर पुढचे पाय टेकवतो. सासूबाईंचे वय पंचाहत्तर असून गेल्या महिन्यात त्या पडता पडता वाचल्या. ओरडून झाले, ढकलून झाले. यजमानांचे म्हणणे असे, की घरातला म्होरक्या कोण हे कुत्र्याला कळलेच पाहिजे आणि त्यासाठी त्याला उताणे पाडून दाबून धरावे. असे करावे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : करू नये. म्होरक्याची ही कल्पना बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये ज्या लांडग्यांविषयी लिहिले, ते प्राणिसंग्रहालयात माणसांनी एकत्र ठेवलेले होते. लांडग्यांचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ही कल्पना जगभर पोहोचली; पण पुढे मोकळ्या रानातले कळप अभ्यासल्यावर त्यांनीच १९९९ मध्ये स्पष्ट केले, की असा कळप म्हणजे बहुधा आईवडील आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते, सत्तेसाठी सतत झुंजणारी टोळी नव्हे. शिवाय शेरू लांडगा नाही. दाबून धरलेला कुत्रा घाबरतो आणि घाबरलेला कुत्रा चावतो. पाहुण्यांचे स्वागत कसे करावे हे त्यातून तो शिकत नाही.

त्याऐवजी, झेप घेतल्यावर शेरूच्या पदरात काय पडते ते पाहा. त्याला माणसाच्या चेहऱ्याजवळ जायचे असते, कोणीतरी बोलावे, हात लावावा असे वाटत असते. तुम्ही ओरडता तेव्हा त्याला आवाज मिळतो, ढकलता तेव्हा स्पर्श मिळतो, आणि ढकलाढकली हा तर तरुण लॅब्राडोरचा आवडता खेळ आहे. ज्या कृतीचे फळ गोड, ती कृती पुन्हा घडते, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्येच, पेटीतून बाहेर पडायला शिकणाऱ्या मांजरांवरील प्रयोगांतून मांडले होते. तेव्हा तेच फळ आता चारही पाय जमिनीवर असताना द्यायचे.

सराव पाहुण्यांवर नको, घरच्यांवर करा. एकाने शेरूचा पट्टा धरून आत उभे राहावे, दुसऱ्याने बाहेर जाऊन बेल वाजवून आत यावे. शेरू उडी मारू लागला, तर आत येणाऱ्याने काहीही न बोलता वळून बाहेर जावे. चारही पाय जमिनीवर टेकलेले दिसताच, त्याच क्षणी, ‘छान!’ म्हणून खाऊ द्यावा, आणि तो हातातून न भरवता त्याच्या पुढच्या पंजांपाशी फरशीवर ठेवावा. ही बारीकशी बाब फार महत्त्वाची आहे, कारण छातीच्या उंचीवर धरलेला खाऊ त्याला पुन्हा उडीच मारायला लावतो, तर फरशीवरचा खाऊ त्याची नजर खाली ठेवतो. शाबासकीला दोन-चार सेकंदांचा उशीर झाला, तर ती कशाबद्दल होती हे त्याला उमगत नाही.

सुरुवातीचे काही दिवस उड्या कमी होण्याऐवजी वाढतील. इतके दिवस चालणारी युक्ती चालेनाशी झाल्याने तो जास्त जोर लावून पाहतो. नेमक्या याच वेळी घरातले कोणीतरी विरघळते. महाविद्यालयातून आलेला मुलगा छातीवर थाप मारून ‘ये रे शेरू’ म्हणतो आणि पहिले पाढे पंचावन्न. कधीतरीच मिळणारे बक्षीस सवय अधिक चिवट करते, म्हणून नियम घरातल्या सगळ्यांना सारखाच हवा. तोवर खरे पाहुणे आल्यावर शेरूला पट्टा बांधा किंवा आतल्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन ठेवा. सासूबाईंच्या हाडांवर प्रयोग नको.

प्रश्न : तीन महिन्यांचे पिल्लू घरात शू करते. शेजारी म्हणतात, त्यात त्याचे नाक घासावे. – एक वाचक, नाशिक

उत्तर : त्यातून पिल्लू एवढेच शिकते, की तुमच्यासमोर शू करणे धोक्याचे आहे, मग ते सोफ्यामागे जाते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच त्याला ठरलेल्या जागी न्या आणि काम उरकताच तिथल्या तिथे खाऊ द्या. घरात परतल्यावर दिलेला खाऊ परत येण्याचा ठरतो. घरातली जागा पुसताना अमोनिया असलेले द्रावण टाळा, वास मोडणारे एन्झाइमयुक्त द्रावण वापरा. पावसाळ्यात पुष्कळ पिल्ले ओल्या गवतावर पाय ठेवायला तयार नसतात. इमारतीच्या वाहनतळातला एखादा कोरडा कोपरा आधीच हेरून ठेवा आणि अर्थातच नंतर तो स्वच्छही करा.

प्रश्न : खाऊ दिला तरच ऐकतो. जन्मभर खिशात खाऊ घेऊन फिरायचे का? त्याचे वजनही वाढते आहे. – एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही बहुधा आधी खाऊ दाखवता आणि मग ‘बस’ म्हणता. क्रम उलटा करा : रिकाम्या हाताने सांगा, तो बसला की खिशातून काढा. सवय पक्की झाल्यावर प्रत्येक वेळी न देता अधूनमधून द्या. बक्षीस खाण्याचेच असावे असेही नाही. फिरायला निघताना तो दारापाशी शांत बसला की दार उघडणे, किंवा पट्टा न ओढता चालल्यावर आवडत्या झाडाच्या बुंध्याशी मनसोक्त हुंगू देणे, यांची किंमत त्याच्या लेखी बिस्किटापेक्षा कमी नसते. तुकडा हरभऱ्याएवढा पुरतो. बिनमिठाची उकडलेली कोंबडी किंवा पनीर चालेल. मात्र असा खाऊ दिवसभराच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये आणि तेवढे जेवण कमी करावे. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेले बिनसाखरेचे पदार्थ कुत्र्याला विषारी असतात. प्रसादाच्या शिऱ्यातल्या मनुकाही यात आल्या.

प्रश्न : आमची चार वर्षांची कुत्री अलीकडे जेवताना कोणी जवळ गेले की गुरगुरते. घरात सहा वर्षांची मुलगी आहे. गुरगुरल्यावर फटका द्यावा का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुळीच नको. गुरगुरणे ही तिने दिलेली सूचना आहे. फटक्याने सूचना बंद होते, भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी ती न गुरगुरता चावू शकते. हे अलीकडेच सुरू झाले असल्याने आधी पशुवैद्यांकडून दात, कान आणि सांधे तपासून घ्या. दुखण्यामुळेही स्वभाव बदलतो. आजपासून तिचे जेवण बंद दाराआड द्या आणि मुलीला तिथे जाऊ देऊ नका. मुलगी घरात नसताना एका मोठ्या माणसाने, कुत्री निवांत खात राहील इतक्या अंतरावरून जाता जाता कोंबडीचा तुकडा भांड्याकडे टाकावा आणि न थांबता पुढे जावे. अंतर काही आठवड्यांत हळूहळू कमी करा. ती ताठरली किंवा घाईने गिळू लागली, तर आपण फार जवळ गेलो असे समजून मागे सरा. भांडे हिसकावून ‘सवय लावणे’ हा उलटा उपाय आहे.

तिने एकदाही दात लावला असेल, तर एकट्याने प्रयत्न न करता पशुवैद्यांच्या सल्ल्याने प्रशिक्षक गाठा. त्याला आधीच विचारा, की कुत्री चुकल्यावर तुम्ही काय करता? उत्तरात गळा आवळणारी साखळी, विजेचा पट्टा किंवा काठी आली, तर दुसरा शोधा. जनावराला मारहाण करून विनाकारण यातना देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि शिकवणीचे पैसे दिल्याने त्यातून सूट मिळत नाही.