तांदळाच्या डब्यातल्या नोटा

सईबाळा,

आजी सांगलीला परत गेली त्या रात्री तुला तांदळाच्या डब्यात 500 च्या सहा नोटा सापडल्या. "मेलबर्नमध्ये रुपये चालत नाहीत हे आजीला माहीत आहे, मग ठेवले कशाला?" असं तू विचारलंस. तेव्हा मला बोलवेना, म्हणून आज लिहितेय.

लेकीच्या घरचं खाऊ नये, असं आपल्याकडे मानायचे. तिला मूल होईपर्यंत कित्येक आईबाप तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. माझे आजोबा मिरजेला आत्याकडे जायचे आणि नुसते ओट्यावर बसून परत यायचे. त्यात लेकीची काळजीही होती गं. माहेरची माणसं जेवून गेली म्हणून सासरी तिला कुणी बोल लावू नये. म्हातारपण काढायचं ते मुलाकडे, हे ठरलेलंच.

आम्ही तर दोघी बहिणीच. मग आजीनं कुठे जायचं?

कायदा केव्हाच बदलला. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्रानं 1994 साली लग्न न झालेल्या मुलींना मुलाइतका वाटा दिला, 2005 मध्ये देशभर लग्न झालेल्यांनाही तो मिळाला. 2007 च्या कायद्यानं आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवरही टाकली. आजी शाळेत शिक्षिका होती, हे सगळं तिला ठाऊक आहे. सांगलीच्या गावभागातलं घर तिनं आम्हा दोघींच्या नावे लिहून ठेवलंय. देताना तिला आम्ही मुलासारख्या वाटतो. घ्यायची वेळ आली की मात्र आम्ही परत लेकी होतो. मला याचंच फार वाईट वाटतं.

2019 च्या महापुरात गावभागात पाणी शिरलं, तेव्हा आजी दोन रात्री शेजारच्यांच्या वरच्या मजल्यावर होती. त्यांनीच तिला धरून वर नेलं. मी इथे फोन हातात घेऊन बसलेली. तेव्हापासून तिला म्हणतेय, माझ्याकडे राहायला ये. "लेकीच्या दारात किती दिवस राहू?" म्हणते. यंदा तीन महिने राहिली, तर पेन्शनमधून शिधा भरल्यासारखे पैसे ठेवून गेली.

त्या नोटा मी डब्यात तशाच ठेवल्यात. डिसेंबरच्या सुट्टीत सांगलीला जाऊ, तेव्हा तू त्या तिच्या हातात परत ठेव. माझ्याकडून ती घेणार नाही.

तुझी,
आई