परंपरा, संप्रदाय आणि ‘शास्त्राधार’

प्रश्न असा आला आहे. एक वाचक कॅथलिक चालीरीतींवरचा एक लेख मराठीत आणताहेत. शीर्षक त्यांनी ‘कॅथलिक परंपरांचा शास्त्राधार’ असं दिलं आणि पुढे गेल्यावर स्वतःच अडखळले. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू परूशांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, सुनावतो, की तुम्ही देवाची आज्ञा सोडून माणसांची परंपरा धरून बसलात. इकडे प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो, की शिकवलेल्या परंपरा घट्ट धरून ठेवा. दोन्हीकडे ‘परंपरा’च लिहायचं, की टाकाऊला एक शब्द आणि टिकाऊला दुसरा? आणि शीर्षकातला ‘शास्त्राधार’ योग्य आहे का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: दोन्हीकडे एकच शब्द ठेवा. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही जागी ‘पारादोसिस’ हा एकच शब्द आहे. नव्या करारात तो १३ वेळा येतो. त्यांपैकी ८ वेळा मत्तय १५ आणि मार्क ७ मध्ये, हात धुण्यावरून आणि ‘कुर्बान’वरून (देवाला वाहिलेल्या दानावरून) झालेल्या वादात. गलतीकरांच्या पत्रात पौल आपल्या जुन्या, यहुदी आयुष्याबद्दल बोलताना तो एकदा वापरतो, आणि कलस्सैकरांना ‘माणसांच्या परंपरे’पासून सावध करताना एकदा. उरले तीन: १ करिंथ ११:२, २ थेस्सलनीका २:१५ आणि ३:६. या तिन्ही ठिकाणी तो पौलाने स्वतः दिलेल्या शिकवणीबद्दल आहे आणि ती पाळा असंच सांगणं आहे. बायबलाबाहेरची परंपराही बंधनकारक मानायची का, हा कॅथलिक आणि प्रॉटेस्टंटांमधला जुना वाद; त्यात कॅथलिक बाजू या तिघांवर बोट ठेवते, प्रॉटेस्टंट बाजू आधीच्या दहांवर. अनुवादकाने दहांना ‘परंपरा’ आणि तिघांना ‘शिकवण’ असं वाटून टाकलं, तर वाचकाला हा वाद आहे हेच कळणार नाही. काही इंग्रजी भाषांतरांनी २ थेस्सलनीकात नेमकं हेच केलं आहे. अर्थात यात केवळ पक्षपात शोधायला नको. जेरोम या प्राचीन ख्रिस्ती विद्वानाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लॅटिन बायबलातही १ करिंथ ११:२ मध्ये ‘परंपरा’ऐवजी ‘आज्ञा’ या अर्थाचा शब्द आहे, आणि जेरोमला कोणी प्रॉटेस्टंट म्हणणार नाही.

आता मला ज्यात खरा रस आहे ते. पारादोसिसमधला ‘दो’ म्हणजे देणे. ग्रीक ‘दिदोमि’ आणि संस्कृत ‘ददामि’ ही सख्खी भावंडं, लॅटिन ‘दारे’ हे तिसरं. लॅटिनने पारादोसिससाठी ‘त्रादितिओ’ वापरला. त्यातही देणंच आहे: पलीकडच्याच्या हाती देणं. रोमन कायद्यात त्रादितिओ म्हणजे मालमत्तेचा प्रत्यक्ष ताबा देणं. म्हणजे ज्या शब्दाचं आपण ‘परंपरा’ करतो तो मुळात क्रियेचा शब्द आहे. एक देणारा, एक घेणारा, मध्ये एक वस्तू. सुरुवातीच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना श्रद्धेचा मसुदा तोंडी सांगितला जाई, ते तो पाठ करत आणि नंतर सर्वांसमोर म्हणून परत करत. या देण्याला लॅटिनमध्ये ‘त्रादितिओ’ आणि परत करण्याला ‘रेद्दितिओ’ म्हणत. संथा देणं आणि ती म्हणून दाखवणं, असं म्हटलं की मराठी माणसाला चित्र लगेच दिसतं.

हे देणं-घेणं पौलाच्या लिखाणात जोडीनेच येतं. ‘मला जे मिळालं तेच मी तुम्हांला दिलं’ हे त्याचं १ करिंथ १५:३ मधलं वाक्य. यहुदी गुरुकुलांत ही जोडी रुळलेलीच होती. ‘मोशेने सीनायवरून नियमशास्त्र घेतलं आणि यहोशवाला दिलं, यहोशवाने वडीलजनांना’ अशी साखळी मिश्ना या यहुदी ग्रंथातल्या ‘पिर्के आवोत’च्या पहिल्याच ओळीत आहे. पौल त्याच तालमीत घडलेला.

पण सगळ्यात विलक्षण जागा आहे १ करिंथ ११:२३. ‘जे मी प्रभूपासून स्वीकारलं तेच तुमच्या स्वाधीन केलं, की ज्या रात्री प्रभू येशूला धरून दिलं त्या रात्री त्याने भाकर घेतली...’ मराठीत ‘स्वाधीन केलं’ आणि ‘धरून दिलं’ ही दोन क्रियापदं झाली. ग्रीकमध्ये क्रियापद एकच आहे, ‘पारादिदोमि’. प्रेषिताने शिकवण सोपवली तेही तेच आणि येशूचा शिष्य यहूदा याने गुरूला शत्रूच्या हाती सोपवलं तेही तेच. लॅटिननेही हा दुपेडीपणा राखला. इंग्रजीत ‘ट्रॅडिशन’ आणि ‘ट्रेटर’ एकाच मुळाचे आहेत ते यामुळे. इ.स. ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशनने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात ज्यांनी भीतीपोटी पवित्र ग्रंथ सरकारी माणसांच्या हाती दिले, त्यांना लॅटिनमध्ये नाव पडलं ‘त्रादितोरेस’, देऊन टाकणारे. त्यावरून उत्तर आफ्रिकेतलं चर्च पुढची शंभरेक वर्षं दुभंगलेलं राहिलं. मराठीत एका शब्दात हे साधायचं तर ‘हवाली करणे’ बरंच जवळ जातं. वारसाला ठेव हवाली करता येते आणि माणूस पोलिसांच्याही.

मग ‘परंपरा’मध्ये हे देणं कुठे आहे? नाही. परंपरा म्हणजे परामागून पर, एकामागून एक. ती ओळ आहे, माळ आहे. ओळीतल्यांनी एकमेकांना काही दिलं की नाही याबद्दल शब्द गप्प आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात ‘एवं परम्पराप्राप्तम्’ येतं, तिथे मिळण्याचा अर्थ आणायला ‘प्राप्त’ वेगळं जोडावं लागलं. आपल्या इतर शब्दांचंही तसंच. रूढी रुजते, प्रथा पसरते, चाल चालत येते, वहिवाट पडते. सगळं आपोआप. कोणी दिलं, कोणाला दिलं, हा प्रश्नच नाही.

देणं ज्याच्या पोटात आहे असा शब्द आपल्याकडे होता, तो म्हणजे ‘संप्रदाय’. सम् + प्र + दा: नीट, पुढच्याला, देणं. पाणिनीच्या व्याकरणातलं ‘संप्रदान’ याच घरातलं. पारादोसिस, त्रादितिओ आणि संप्रदाय हे तिन्ही शब्द एकाच प्राचीन धातूवर, जवळजवळ एकाच कल्पनेने उभे आहेत. मराठी बायबलच्या जुन्या वळणाच्या भाषांतरात मत्तय १५ मध्ये ‘वाडवडिलांचा संप्रदाय’ असाच प्रयोग आहे. आजच्या वाचकाला तो बुचकळ्यात टाकतो, पण ज्याने निवडला त्याचं संस्कृत पक्कं होतं. शंकराचार्यांचं गीताभाष्यातलं (१३.२) वाक्य तर या वादाच्या अगदी मर्मावर बसतं: जो संप्रदाय जाणत नाही तो सर्व शास्त्रं जाणणारा असला तरी मूर्खासारखा उपेक्षणीयच. त्यांचा विषय निराळा, धर्म निराळा, तेव्हा तुलना फार ताणू नये. पण ‘शास्त्र’ आणि ‘संप्रदाय’ समोरासमोर ठेवून, नुसतं पहिलं पुरत नाही असं कोणी म्हटलं तर त्याला काय म्हणायचं आहे, ते यातून कळतं.

दुर्दैव असं, की हा शब्द आता हातचा गेला. ‘कॅथलिक संप्रदाय’ म्हटलं की आज पंथ हाच अर्थ होतो, आणि ‘सांप्रदायिक’ला तर वर्तमानपत्रांनी वेगळाच वास लावून ठेवला आहे. त्यामुळे नाइलाजाने ‘परंपरा’च. फक्त क्रियापदं जपा: परंपरा ‘चालत आली’ असं लिहू नका, ‘सोपवली’, ‘हाती आली’, ‘पुढे दिली’ असं लिहा. शिवाय ‘ठेव’ हा शब्द हाताशी ठेवा. तीमथ्याला पौल सांगतो तो ‘पाराथेके’ (१ तीमथ्य ६:२०) म्हणजे शुद्ध मराठीत ठेव. कॅथलिक धर्मशास्त्रातली ‘श्रद्धेची ठेव’ ही संज्ञा तिथलीच. ठेवीचा गुण असा, की ती सांभाळणाऱ्याची नसते. तो तिच्यात भर घालू शकत नाही आणि तिला हातही लावू शकत नाही. कॅथलिकांचा दावा हाच आहे, की आम्ही नवं काही घडवत नाही. प्रॉटेस्टंटांचा आक्षेपही इथेच आहे, की तुम्ही ठेवीत नंतर आपल्या पदरची नाणी मिसळलीत.

यातून एक अडचण निघते, आणि तुमच्या लेखात ती जागोजागी येईल. इंग्रजीत मोठ्या टी-ची ‘ट्रॅडिशन’ आणि लहान टी-च्या ‘ट्रॅडिशन्स’ असा भेद करतात. कॅथलिक शिकवणुकीत (१९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात हे स्वच्छ सांगितलं आहे) पहिली म्हणजे प्रेषितांकडून आलेली ठेव, आणि दुसऱ्या म्हणजे काळानुरूप पडलेल्या रीती, ज्या चर्च बदलू किंवा मोडूही शकतं. देवनागरीत लहान-मोठं अक्षरच नाही! त्यामुळे मराठीत ‘कॅथलिक परंपरा’ म्हटलं की सगळं एका गाठोड्यात जातं. माझी सूचना: पहिलीला एकवचनात ‘पवित्र परंपरा’ म्हणा, दुसऱ्यांना ‘प्रथा’ किंवा ‘रीती’. ‘परंपरा’चं अनेकवचन मुळीच वापरू नका, कारण प्रत्यय नसलेल्या शब्दाचं रूप दोन्ही वचनांत तेच राहतं आणि वाचकाला फरक दिसत नाही.

उदाहरणांनी बघा. धर्मगुरूंनी लग्न न करणं ही लॅटिन चर्चची, म्हणजे पश्चिमेकडच्या कॅथलिक चर्चची, शिस्त आहे. मत्तय १९:१२ आणि १ करिंथ ७ मध्ये तिचं कौतुक सापडतं, सक्ती नाही. खुद्द पेत्राला सासू होती (मार्क १:३०), आणि रोमशी जोडलेल्या पूर्वेकडच्या चर्चमध्ये विवाहित धर्मगुरू आजही आहेत. म्हणजे ही रीत. उलट, आजाऱ्याला तेल लावून मंडळीच्या वडीलजनांनी प्रार्थना करणं याकोब ५:१४ मध्ये जवळजवळ जसंच्या तसं आहे. पापं क्षमा करण्याचा अधिकार शिष्यांना दिल्याचं योहान २०:२३ मध्ये आहे, पण कबुलीजबाबाचं आजचं रूप तिथे नाही. ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचा पहिला भाग लूकच्या पहिल्या अध्यायातला आहे, देवदूताचं अभिवादन आणि अलीशिबेचा आशीर्वाद. शेवटची विनवणी नंतरची, आणि ती १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात कायमची बसली. जपमाळेचे मणी बायबलात शोधू नयेत. मृतांसाठी प्रार्थनेचा आधार २ मक्काबी १२ मध्ये आहे, पण तो ग्रंथ कॅथलिकांच्या ७३ पुस्तकांत आहे आणि प्रॉटेस्टंटांच्या ६६ मध्ये नाही. तेव्हा ‘बायबलात आहे का?’ याआधी ‘कोणत्या?’ असं विचारावं लागतं. आणि मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा (तिला देहासह स्वर्गात नेलं गेलं असा) सिद्धान्त, जो पोप पायस बाराव्यांनी १ नोव्हेंबर १९५० ला जाहीर केला, तो सरळ सांगणारं वचन कुठेच नाही. तिथे सगळा भार पवित्र परंपरेवर आहे.

आता ‘शास्त्राधार’. ‘शास्त्र’ला माझी हरकत नाही. मराठी बायबलात ‘शास्त्री व परूशी’ वावरतातच आणि ‘पवित्र शास्त्र’ हेही रूढ आहे. हरकत ‘आधारा’ला आहे. मराठीत ‘याला शास्त्राधार काय?’ असं विचारलं की चित्र असं उभं राहतं: आधी ग्रंथ, मग त्यातलं वचन, आणि त्या वचनावर उभी केलेली चाल. वचन काढून घेतलं की चाल कोसळली. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांचा प्रश्न नेमका याच घाटाचा होता. कॅथलिक उत्तराचा घाटच वेगळा आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ८ एप्रिल १५४६ ला लिखित ग्रंथ आणि अलिखित परंपरा दोन्ही सारख्याच आदराने स्वीकारल्या, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ ला दोन्ही एकाच झऱ्यातून निघाल्याचं म्हटलं. पौलाने करिंथला पत्र लिहिलं इ.स. ५५ च्या सुमाराला. भाकर मोडणं त्याआधीपासून चालू होतं, पत्राने ते सुरू झालं नाही. नव्या करारातली २७ पुस्तकं कोणती, ही यादीही त्या पुस्तकांत नाही. आज आपण वाचतो ती नेमकी यादी पहिल्यांदा बिशप अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात दिसते.

प्रॉटेस्टंट वाचक इथे थांबवून म्हणेल, आणि रास्तपणे म्हणेल: पौलाने तोंडी जे सांगितलं ते मान्य, पण अमुक रीत त्याच तोंडी सांगण्यातली आहे हे कशावरून? हा प्रश्न शब्दकोश सोडवू शकत नाही. तो कोणी विचारावा आणि कोणी टाळावा हे शीर्षकाने मात्र आधीच ठरवून टाकू नये.

म्हणून शीर्षकाबद्दल माझं मत लेख कोणाच्या तोंडचा आहे त्यावर ठरेल. लेखक सुधारकांच्या बाजूने तपासणी करत असेल तर ‘शास्त्राधार’ अगदी चपखल आहे, ठेवा. लेखक कॅथलिक असेल आणि आपल्या रीतींचे बायबलमधले धागे दाखवत असेल, तर ‘कॅथलिक रीती आणि त्यांची बायबलमधली मुळं’ बरं. मुळं जमिनीत असतात आणि झाड वाढत राहतं, एवढी मोकळीक त्या शब्दात आहे. ‘मुळं’ फार घरगुती वाटत असेल तर ‘बायबलमधले दाखले’ करा, पण मग प्रत्येक रीतीला दाखला देणं आलं, आणि मण्यांपाशी तुम्ही अडाल.